टेकडीवर पळायचंय? आधी दार आणि वेळ ठरवा

थंडी पडायला लागली की रस्त्यावर पळणाऱ्यांना टेकडी खुणावू लागते. कुणीतरी सिंहगड-राजगड-तोरणा शर्यतीचे फोटो टाकतं, दुसरं कुणी पहाटेच्या वेताळ टेकडीचे, आणि मग ठरलेले प्रश्न येऊ लागतात. ‘बूट कोणते घेऊ?’ हा पहिला. ‘रस्त्यावर दहा किलोमीटर आरामात होतात, मग टेकडीवर तिसऱ्याच किलोमीटरला धाप का लागते?’ हा दुसरा. बिबट्याबद्दल बहुधा घरची माणसं विचारतात. ‘तिथे पळायला परवानगी आहे का?’ असं विचारणारे मात्र अगदी थोडे.

आमच्या मते हा क्रम उलटा हवा. कुठल्या दारातून आत जायचं आणि किती वाजता जायचं हे आधी ठरवा. मग शरीराचं बघा. बूट सगळ्यात शेवटी. या लेखात पुण्याच्या टेकड्या आणि मुंबईचं नॅशनल पार्क डोळ्यांसमोर ठेवलं आहे. नाशिक, नागपूर किंवा आणखी कुठल्या शहरातले असाल तर जागांची नावं बदला, बाकीचं बरंचसं तसंच लागू पडेल.

जागा कोणाची?

शहरातलं रान डोळ्यांना सलग दिसतं, कागदावर मात्र ते तुकड्यातुकड्यांचं असतं. वेताळ टेकडीवर तासभर पळालात तर वन विभागाची जमीन, जैववैविध्य उद्यानासाठी आरक्षित जागा आणि खासगी मालकीचे पट्टे अशा सगळ्यांवरून तुमचे पाय जाऊ शकतात. तळजाईला पाचगाव-पर्वतीचं वनक्षेत्र आहे. मुंबईत बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं. त्याला लागून आरे दुग्ध वसाहत, १९४९ सालची. तिच्यातल्या आठशेहून अधिक एकरांना अलीकडे राखीव वनाचा दर्जा मिळाला आहे. जमीन बदलली की नियमही बदलतो.

- राष्ट्रीय उद्यान. इथे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू आहे. कलम २७ प्रवेशावर बंधन घालतं आणि कलम २८ मध्ये परवानगी कशासाठी देता येते ते सांगितलं आहे: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन, आत राहणाऱ्यांशी कायदेशीर कामधंदा. ही कलमं मुळात अभयारण्यांची असली तरी राष्ट्रीय उद्यानांनाही लागू आहेत. या यादीत धावण्याचं नाव नाही. तुम्ही तिकीट किंवा पास काढून आत जाता ते पर्यटक म्हणून, आणि पर्यटकांसाठी जो रस्ता खुला आहे तेवढाच तुमचा.
- राखीव वन. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ प्रमाणे इथे विनापरवाना शिरणं आणि आग पेटवणं हे गुन्हे आहेत. वन विभागाने स्वतः वाट आखून, फाटक बसवून वेळा लावल्या असतील तर त्या वेळेत त्या वाटेवर जायला हरकत नसते. कुंपणाच्या फटीतून शिरलात तर बचावाला काही उरत नाही.
- महापालिकेची किंवा मिश्र मालकीची टेकडी. रुळलेल्या पायवाटांवर सहसा कुणी अडवत नाही. तार, फलक किंवा नवीन बांधकाम दिसलं तर मात्र वळसा घाला. ‘गेल्या वर्षी इथूनच जायचो’ हे मालकाला सांगून उपयोग नाही.

फाटकावरचा फलक वाचायला अर्धा मिनिट लागतो. त्याचा फोटो काढून ठेवा, कारण वेळा ऋतूप्रमाणे बदलतात आणि जुन्या माहितीवर विसंबून पहाटे जाणारे बंद फाटकापाशी उभे राहतात. नॅशनल पार्क सोमवारी बंद असतं, हेही दर आठवड्याला कुणीतरी नव्याने शिकतं.

मुंबईकरांना आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नॅशनल पार्कात सकाळी फिरणाऱ्यांसाठी पास मिळतो आणि मुख्य फाटकापासून कान्हेरी लेण्यांपर्यंतचा सुमारे सहा किलोमीटरचा रस्ता पळायला उत्तम आहे. झाडी, चढउतार, शुद्ध हवा, सगळं आहे. पण रस्ता डांबरी आहे. आतल्या पायवाटांवर, म्हणजे शिलोंड्यासारख्या वाटांवर, उद्यानाच्या निसर्ग माहिती केंद्रामार्फत वाटाड्यासोबतच जायचं असतं, आणि तेही चालत. तिथे एकट्याने घुसून काढलेले पळण्याचे व्हिडिओ पाहून कुणी जाऊ नये. लेण्यांचं तिकीट वेगळं असतं, आणि लेण्यांच्या पायऱ्यांवर चढाचा सराव करणं बरं दिसत नाही. मुंबईत राहून मातीवर पळायचं असेल तर कान्हेरीच्या रस्त्यावर चढाची तयारी करा आणि महिन्यातून एकदा सह्याद्रीत जा. पुणेकरांचं नशीब या बाबतीत चांगलं.

वनरक्षकाने अडवलं तर हुज्जत घालू नका. कोणत्या नियमाखाली अडवलं हे शांतपणे विचारा, मागे फिरा. दंड भरायची वेळ आलीच तर छापील पावती घ्या. पावती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि पावतीशिवाय दिलेला पैसा दंड नसतो.

वेळ: उजाडल्यावर, आणि शक्यतो सकाळी

पुण्यात जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, मे महिन्याच्या अखेरीस सहाच्या सुमारास. नोकरी करणाऱ्याला थंडीत याची अडचण होते. साडेपाचला घर सोडायचं, सातला परतायचं, म्हणजे सगळं पळणं अंधारात. मग डोक्याला दिवा बांधून टेकडीवर जायचा मोह होतो. आमचा सल्ला असा: थंडीत आठवड्याचे कामाचे दिवस रस्त्यावर काढा आणि टेकडी शनिवार-रविवारसाठी ठेवा. दिव्याच्या झोतात दगडाची सावली नीट पडत नाही आणि खड्डा सपाट दिसतो. बिबट्याच्या टापूत तर उजाडण्यापूर्वी आणि सूर्यास्तानंतर पळणं साफ बंद.

संध्याकाळी टेकडी चढताना सुरक्षित वाटते, उतरताना नाही. मावळतीला झाडीत अंधार बाहेरच्यापेक्षा लवकर होतो. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी तुम्ही खाली डांबरावर असायला हवं, वर नाही.

किलोमीटर सोडा, मिनिटं मोजा

आता त्या धाप लागण्याच्या प्रश्नाकडे वळू. ट्रेल शर्यतींमध्ये एक ठोकताळा वापरतात: दर १०० मीटर चढाई म्हणजे सपाटीवरचा एक किलोमीटर धरायचा. पुणे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आणि वेताळ टेकडीचा माथा सुमारे ८०० मीटरवर. लॉ कॉलेज रस्त्याच्या बाजूने चढून सहा किलोमीटरची फेरी मारलीत तर दोनशे मीटरहून अधिक चढाई होते. म्हणजे कष्ट आठ किलोमीटरचे. त्यात सैल मुरूम आणि प्रत्येक पावलाला जागा निवडायचं काम. रस्त्यावर सहा मिनिटांत किलोमीटर काढणाऱ्याला इथे साडेआठ-नऊ मिनिटं लागली तर त्यात बिघडलं काहीच नाही.

घड्याळातला वेग पाहायचं बंद करा. दाट झाडीत उपग्रहाचा माग चुकतो आणि नागमोडी वाटेचं अंतर कमी मोजलं जातं, त्यामुळे तो आकडा तसाही फसवा. ‘आज ४५ मिनिटं’ एवढंच ठरवून निघा.

रस्त्यावर तासभर पळण्याची सवय असेल तर पहिला महिना असा काढा:

- पहिले दोन आठवडे: आठवड्यातून एकदाच टेकडी, ४० मिनिटं. चढ चालत, माथ्यावरच्या सपाटीवर पळत, उतार चालत.
- पुढचे दोन आठवडे: तेवढंच, पण सोपे उतार हळू पळत. वेळ ५० ते ६० मिनिटांपर्यंत.
- महिन्यानंतर: गुडघा, घोटा आणि पोटरी कुरकुरत नसतील तर आठवड्यातून दुसरा दिवस जोडा. आधीच्या वेळापत्रकात टेकडीची भर घालू नका. रस्त्यावरचा एक दिवस काढून त्याजागी टेकडी ठेवा.

सुरुवातीला एकच वाट पकडून ठेवा. वेताळ टेकडीला कांचन गल्ली, पंचवटी, गोखलेनगर, चतुःशृंगी, पाषाण अशा किती तरी बाजूंनी चढता येतं आणि माथ्यावर वाटांचं जाळं आहे. नवखा माणूस माथ्यावरच्या मंदिरावरून तिथल्या खाणीकडे जातो आणि भलत्याच बाजूला उतरतो. मग घरी यायला रिक्षा. एक वाट पाठ झाली की दुसरी.

चढ चालण्यात कमीपणा नाही, उतारात घाई नको

तीव्र चढावर कसलेले धावपटूही चालतात. तिथे पळण्याने वेळ फार वाचत नाही आणि श्वास मात्र संपतो. पाऊल छोटं ठेवा, कंबरेतून थोडं पुढे झुका, चढ फारच खडा असेल तर तळहात मांड्यांवर टेकवून रेटा द्या. बोलताना एक वाक्य पूर्ण होत नसेल तर वेग कमी करा.

खरी कसोटी उतारावर लागते. पुण्याच्या टेकड्यांवर पावसाळा संपला की वाटेचा वरचा थर वाळून भुगा होतो, आणि कडक जमिनीवर मुरमाचे गोल खडे पसरतात. पाऊल टेकलं की ते गोट्यांसारखे सरकतात. नवखा माणूस घाबरून मागे रेलतो, टाच पुढे टाकतो, आणि नेमकी टाचच निसटते. मागे न रेलता वजन पायाच्या वर ठेवा. पावलं छोटी आणि भरभर टाका, गुडघे जरा वाकलेले, हात तोल सांभाळायला बाजूला मोकळे. नजर पायाशी न ठेवता तीन-चार मीटर पुढे. पायाखालचा दगड तुम्ही आधीच पाहिलेला असतो, पुन्हा पाहायची गरज नाही. सगळं पाऊल एकदम टेकवा, आणि सैल खड्यांपेक्षा जमिनीत रुतलेल्या दगडाच्या कडेची माती निवडा.

पहिल्या उतारानंतर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या भरून येतात. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन झेलतात, त्यामुळे हे दुखणं एक-दोन दिवसांनी जास्त जाणवतं आणि आपोआप जातं. मात्र एकाच जागी टोचणारं, सूज असलेलं किंवा रात्री झोपू न देणारं दुखणं वेगळं. त्यासाठी डॉक्टर गाठा.

घरी करण्यासारखा व्यायाम एकच सांगतो, कारण जास्त सांगितले तर कुणी करत नाही. दात घासताना एका पायावर उभे राहा, मग दुसऱ्या. जमायला लागलं की डोळे मिटून, जवळ भिंत ठेवून. घोट्याला टेकडीवर हेच काम असतं.

ऋतूप्रमाणे वाट बदलते

पावसाळ्यात बेसॉल्टच्या खडकावर शेवाळ चढतं. त्यावर महागातला महाग बूटही धरत नाही, तिथे पळायचं नाही, बस. काळ्या मातीचे पट्टे तळव्याला असे चिकटतात की प्रत्येक पाय किलोभर जड होतो. मुरमाड वाट त्यातल्या त्यात बरी. डबकं आलं तर ते टाळायला कडेच्या गवतातून जाऊ नका, त्याने वाट दर वर्षी रुंदावत जाते. बूट ओले होऊ द्या. मुंबईत पावसाळ्यात पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून गेला असाल तर लेप्टोस्पायरोसिसची शक्यता असते. पाय साबणाने धुवा आणि लगेच डॉक्टरांना विचारा, ताप यायची वाट पाहू नका.

पावसाळा संपल्यानंतर गवत सोनेरी होतं आणि कुसळांचे दिवस सुरू होतात. हे गवताचं अणकुचीदार बी मोज्यात पीळ घेत शिरतं, मोजा धुतला तरी आतच राहतं आणि पुढच्या आठवड्यात घोट्याला टोचतं. जाळीदार मोजे टाळा, घोट्याच्या वर येणारे घट्ट विणीचे घाला, आणि घरी आल्यावर मोजा उलटा करून उजेडात पाहा.

फेब्रुवारीनंतर वणव्याचं भान ठेवा. वाळलेल्या गवतात सिगारेटचं थोटूक दिसलं तर विझवा. धूर दिसला तर वाऱ्याच्या उलट्या दिशेने बाहेर पडा आणि वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवा. उन्हाळ्यात आठपूर्वी खाली या. तासाच्या आतलं पळणं असलं तरी अर्धा लीटर पाणी जवळ असू द्या, वर नळ असेल असं गृहीत धरू नका.

बूट, एकदाचे

- पहिला महिना तुमचे रस्त्यावरचे बूट चालतील, तळवा झिजलेला नसेल तर. कोरड्या वाटेवर ते पुरतात.
- घ्यायचेच असतील तर तळव्याला ३ ते ४ मिलिमीटरचे उंचवटे असलेले घ्या. कोरडा मुरूम, थोडा चिखल आणि टेकडीपर्यंत पोचायचा डांबरी रस्ता, या तिन्हींना ते सोयीचे. ५-६ मिलिमीटरवाले चिखलासाठी. डांबरावर ते लवकर झिजतात.
- उतारावर बोटं पुढे सरकतात. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, नाहीतर नख काळं पडतं. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय किंचित फुगलेला असतो.
- पाणी आत न शिरू देणारे बूट आपल्या पावसाळ्यात निरुपयोगी. पाणी वरून शिरतं आणि आतच राहतं.

याशिवाय एक शिट्टी, एक रुमाल किंवा पट्टी, थोडे सुटे पैसे आणि चार्ज केलेला फोन. कानात गाणी नकोत; निदान एक कान मोकळा ठेवा.

बिबट्या, साप, मोहोळ, कुत्री

नॅशनल पार्क, आरे आणि येऊरच्या परिसरात बिबटे आहेत. अलीकडच्या गणनांमध्ये त्यांची संख्या चाळीस-पन्नासच्या घरात भरली. माणूस हे बिबट्याचं नेहमीचं भक्ष्य नाही आणि त्याचा वावर मुख्यतः रात्रीचा. तरीही २०२१ मध्ये आरेत माणसांवर हल्ले झाले. त्यातल्या एकात अंगणात बसलेल्या वृद्ध बाईने काठीने बिबट्या परतवला. बसलेलं किंवा वाकलेलं माणूस त्याला छोटं जनावर वाटू शकतं, म्हणून झाडीच्या कडेला वाकून बुटाची नाडी बांधत बसू नका. मोकळ्यावर या, मग बांधा. बिबट्या दिसलाच तर पळणं त्या क्षणी थांबवा. पाठ न फिरवता, उभं राहून, मोठ्याने बोलत हळूहळू मागे व्हा. त्याला जायला वाट मोकळी ठेवा. मोबाइल काढू नका.

खरं सांगायचं तर सकाळच्या टेकडीवर बिबट्यापेक्षा भटकी कुत्री जास्त त्रास देतात. पळणारं दिसलं की ती मागे लागतात. थांबा, उभे राहा, नजर न भिडवता चालत बाजूने निघा. चावा किंवा दातांचा ओरखडा झाला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. ती सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत मोफत मिळते. माकडाच्या चाव्यालाही हाच नियम.

आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. फुरसं लहान असतं, मुरमाच्या रंगाचं, आणि दगडाखाली बसतं. म्हणून टेकायला दगड पकडताना आधी पाहा, वाटेवरचा दगड उलटू नका. साप चावला तर:

- जागेवर बसा, चावलेला हातपाय हलवू नका, अंगठी-घड्याळ काढा.
- कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. साप पकडायला किंवा मारायला जाऊ नका.
- १०८ वर फोन करा. सर्पविषावरची लस असलेल्या रुग्णालयातच जा. चारही सापांवर एकच लस चालते, त्यामुळे साप ओळखण्यात वेळ घालवायची गरज नाही.

आग्या मोहोळ दिसलं तर लांबून जा, आवाज कमी ठेवा. माशा उठल्या तर हात झाडत उभे राहू नका. तोंड झाकून जितकं लांब पळता येईल तितकं पळा. टेकडीवर पूर्ण वेगाने पळायचा सल्ला आम्ही फक्त इथेच देतो.

वन्यप्राण्याने जखमी केल्यास शासनाकडून अर्थसाहाय्य मिळण्याची तरतूद आहे. वन परिक्षेत्र कार्यालयाला ताबडतोब कळवा, पंचनामा करून घ्या आणि उपचारांचे सगळे कागद जपा.

एकटं जाणं, लूटमार आणि तक्रार

पुण्याच्या टेकड्यांवर फिरायला आलेल्यांना लुटण्याचे प्रकार घडले आहेत, पुरुषांच्या बाबतीतही. चोराला फोन आणि सोनसाखळी हवी असते. गर्दीची वेळ आणि गर्दीची वाट निवडा, दागिने घरी ठेवा, नवी वाट शोधायची तर दोघं-तिघं मिळून. निघताना घरच्या एकाला फोनवर चालू ठिकाण पाठवा आणि परतायची वेळ सांगा. त्या वेळेनंतर अर्ध्या तासात फोन आला नाही तर काय करायचं हेही ठरवा. स्त्रियांना ‘एकटीने जाऊ नकोस’ एवढाच उपदेश मिळतो, तो अपुरा आहे. सकाळी नियमित येणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांच्या गटाशी ओळख करून घेतली तर टेकडीवर चार ओळखीची माणसं कायम असतात.

चाकू दाखवला तर फोन देऊन टाका. खाली आल्यावर ११२ वर कळवा. नंतरचा प्रश्न असतो पोलिस ठाण्याच्या हद्दीचा, कारण एकच टेकडी दोन-तीन ठाण्यांत विभागलेली असते. हे माहीत असू द्या: भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते, गुन्हा कुणाच्याही हद्दीत घडलेला असो. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे कारण चालत नाही. नोंदवलेल्या माहितीची प्रत तुम्हाला मोफत मिळायला हवी. फोन चोरीला गेला असेल तर ती प्रत वापरून केंद्र सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर तो बंद करता येतो.

पाय मुरगळला तर

बाहेरच्या बाजूने घोटा मुरगळणं हा टेकडीवरचा सगळ्यात नेहमीचा अपघात. तिथल्या तिथे बूट काढू नका. पाय सुजतो आणि मग बुटात परत जात नाही. नाडी थोडी सैल करा, आधार घेऊन उतरा. चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर मागच्या कडेला दाबल्यावर कळ येत असेल, तर एक्स-रे काढायलाच हवा. उतरणं अशक्य असेल तर फोनवर जवळची ठळक खूण सांगा: मंदिर, खाण, टाकी, फाटक. ‘झाडापाशी आहे’ म्हटल्यावर कुणी पोचत नाही.

वाट सगळ्यांची

टेकडीवर चालणारे आधीपासून आहेत, आपण नंतर आलो. अरुंद वाटेवर चढणाऱ्याला आधी जाऊ द्या, आणि चालणाऱ्याला पळणाऱ्याआधी. मागून येताना दहा-पंधरा पावलं आधी ‘काका, उजवीकडून येतोय’ असं सांगा; अंगावर आल्यावर ओरडलात तर ते दचकून नेमके मधे येतात. वळणावळणाची वाट सोडून सरळ खाली उतरणारा शॉर्टकट घेऊ नका. पावसाचं पाणी त्याच चरातून वाहतं आणि दोन पावसाळ्यांत तिथे घळ होते. वेताळ टेकडीच्या उतारांवर अशा घळी जागोजागी दिसतात.

पैसे घेऊन टेकडीवर पळायला नेणारे गटही वाढले आहेत. चांगले आहेत, तसे नुसते टी-शर्ट वाटणारेही आहेत. पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा: जमिनीच्या मालकाची किंवा वन विभागाची लेखी परवानगी आहे का, प्रथमोपचार येणारं माणूस सोबत असेल का, आणि शेवटच्या धावकाच्या मागे कोण असेल. पहिल्या प्रश्नाला ‘काही लागत नाही हो’ असं उत्तर आलं तर जाऊ नका.

शेवटी एक हक्क, जो पळणारे फारसे वापरत नाहीत. टेकड्यांवर रस्ते आणि बोगदे प्रस्तावित होत असतात. पुण्यात वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या प्रस्तावित बालभारती ते पौड फाटा रस्त्यावरून किती वाद झाले ते तुम्ही पाहिलं आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे विकास आराखडा करताना किंवा त्यातलं आरक्षण बदलताना नागरिकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. त्यासाठी वकील लागत नाही. साध्या कागदावर नाव, पत्ता आणि मुद्दा लिहून मुदतीच्या आत महापालिकेत द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.